रद्द करायचे सहा दिवस

"ताई, घरच्या माणसाची पट्टी आपण काढायची नसते," असं नाना मला म्हणाले होते, आणि मी हसले होते.

नाना म्हणजे आमच्या ऑफिसातले सगळ्यांत जुने कारकून. मुलगी होईपर्यंत तीन वर्षं मी टेकडीवरच्या लॉ कॉलेजात, प्रवेश विभागात नोकरी केली. ते कॉलेज तुम्हाला माहीत नसलं तरी तसलं एखादं माहीत असेलच, ज्याचं नाव काढलं की समोरचा माणूस जरा सावरून बसतो. आमचं काम साधं होतं. आलेल्या प्रत्येक अर्जाची फाइल करायची आणि तिच्या उजव्या कोपऱ्यात बोटभर कागदाची पट्टी चिकटवायची. पट्टीवर एकच आकडा. पदवीच्या चार वर्षांची सरासरी दहापैकी असायची, तिला दहानं गुणायचं. प्रवेश परीक्षा दोनशे गुणांची, तिचे गुण निम्मे करायचे. दोन्हींची बेरीज पट्टीवर. बेरीज एकशे बहात्तर किंवा त्याच्या वर असली की फाइल टेबलावरच्या चळतीत जायची, मग प्राध्यापक ती निवांत वाचायचे. खाली असली की हिरव्या कपाटात. हिरवं कपाट शेवटच्या आठवड्यात उघडायचे. उघडायचे हे खरं, पण तोवर वर्ग भरलेला असायचा.

ऑफिसात एक रीत होती. ओळखीतल्या कुणाचा अर्ज आला की ती फाइल न बोलता शेजारच्या टेबलावर सरकवायची. रीत नानांनीच पाडलेली.

"आकडा तो आकडा, नाना," मी म्हणाले. "मी काढला काय नि तुम्ही काढला काय. मी संख्याशास्त्र शिकलेय."

"आकडा तोच येतो हो," नाना डिंकाची बाटली पुसत म्हणाले. "पण नंतर जेवताना ते माणूस समोर बसतं ना, तेव्हा त्याच्या कपाळावर पट्टी दिसायला लागते."

शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "नानांनी स्वतःच्या बायकोची काढली असणार." सगळे हसले. मीही. नाना हसले नाहीत, आणि तेही मी पाहिलं होतं. बघायची सवय मला पहिल्यापासून आहे. उपयोग करायची नाही.

*

माझ्या नणंदेला घरात सगळे वकील म्हणत. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आणि बँकेच्या पासबुकावर. आठ वर्षांची असताना तिच्यावर बरणी फोडल्याचा आळ आला, तर तिनं कमरेवर हात ठेवून आईला विचारलं, "बघितलंय का कुणी?" तेव्हापासून हे नाव पडलं. मी लग्न होऊन आले त्या दिवशी सासूबाई आणि नवरा चहात आलं किती घालावं यावर वाद घालत होते. ही चौदा-पंधरा वर्षांची पोरगी माझ्याकडे वळून म्हणाली, "वहिनी, तू नवीन आहेस, म्हणजे निःपक्ष. बोल." मी म्हणाले, मला आलं आवडतच नाही. "दोन्ही पक्षकार हरले," ती म्हणाली आणि चहा गाळायला गेली.

तिला टेकडीवरच्या कॉलेजातच जायचं होतं. दुसरं काही तिनं कधी मनात आणलं नाही. आणि ती जाणार यात कुणाला शंका नव्हती, तिच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत.

दुसऱ्या वर्षी माझी मुलगी जन्मली.

ते वर्ष मला नीट आठवत नाही, आणि जे आठवतं ते सांगायला आवडत नाही. टाके पिकले, ताप राहिला, आणि ताप उतरल्यावर दुसरंच काहीतरी राहिलं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मूल रडलं की मला वाटायचं, कुणीतरी दुसऱ्याच घरात रडतंय. सासूबाईंचे गुडघे कामातून गेलेले. नवऱ्याची नोकरी फिरतीची, महिन्यातले वीस दिवस बाहेर. बाळाला आंघोळ, दूध, दुपटी, माझ्या गोळ्या, माझे केस विंचरणं, सगळं वकील करायची. कॉलेजला जायची ती फक्त हजेरी अगदीच तुटू नये म्हणून. एका हातानं बाळ थोपटत दुसऱ्या हातातलं पुस्तक वाचताना मी तिला पाहिलंय, आणि पान बराच वेळ उलटत नाहीये हेही पाहिलंय.

बाकी तीन वर्षं तिला आठ पूर्णांक सहा. त्या वर्षी सहा पूर्णांक सहा. सरासरी आठ पूर्णांक एक. मी वर म्हटलं तसं, दहानं गुणा.

मी बरी झाले. पण घाबरटपणा राहिला. अजूनही मुलगी झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून बघते, आणि ती आता साडेतीन वर्षांची आहे. नोकरी मी पुन्हा धरली नाही. बरी झाल्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट ठाण मांडून बसली. या मुलीचं माझ्यामुळे गेलेलं मला भरून द्यायचंय. आणि मला काय येतं? पट्टी काढता येते.

कॉलेज दरवर्षी एक तक्ता छापतं. आडव्या ओळीत सरासरी, उभ्या ओळीत परीक्षेचे गुण, आणि प्रत्येक चौकोनात किती जणांनी अर्ज केला नि किती जणांना घेतलं. मी पाच वर्षांचे तक्ते जमवले आणि एका मोठ्या कागदावर फक्त तिची ओळ काढली. आठ पूर्णांक एक. एकशे ब्याऐंशी किंवा वर परीक्षा असेल तर दहात चार. एकशे शहात्तर ते एक्याऐंशीमध्ये विसात एक. एकशे शहात्तरच्या खाली पाच वर्षांत कुणी नाही.

तो कागद मी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. चहाची पूड काढायला दार उघडलं की समोर. तिनं पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ दार धरून उभी होती.

"वहिनी, हे आठ पूर्णांक एकवाले सगळे कोण असतील गं?"

"म्हणजे?"

"नाही, एवढ्या जणांचं दुसरं वर्ष बिघडलं?"

ती गमतीनं म्हणाली. मी तिच्या कपाळाकडे बघत होते.

*

परीक्षा शनिवारी होती. सरावात तिला एकशे अठ्ठ्याहत्तर ते शहाऐंशीच्या मध्ये पडायचे, शेवटच्या चारही वेळा चौऱ्याऐंशीच्या वर. मी तिला घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायला शिकवलं होतं, म्हणजे लिहिताना हात न वळवता वेळ दिसते. ती डावखुरी, म्हणून उजव्या हाताला. दारातून निघताना मुलगी म्हणाली, "आत्या, हरकत आहे." हे तिला आत्यानंच शिकवलेलं. न आवडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला ती हरकत घेते, भोपळ्यालासुद्धा.

"फेटाळली," वकील म्हणाली आणि गेली.

परत आली तेव्हा तिनं चपला नीट लावून ठेवल्या. एरवी भिरकावते. मला तिथंच कळलं.

"कसा गेला?"

"सही केलीये. सहा दिवस पेपराबद्दल कुणाशी बोलायचं नाही."

"मी कुणी आहे का?"

ती हसली, पाणी प्यायली, आणि मग तिनं सांगितलं. प्रश्न नाही सांगितले, नुसतं कसं गेलं ते. परीक्षेत चार भाग असतात. तर्क, युक्तिवाद, उतारे, आणि यांतलाच एक प्रकार दुसऱ्यांदा. तो जास्तीचा भाग कच्चा. पुढच्या वर्षीचे प्रश्न तपासून बघायला घुसवलेला, त्याचे गुण धरत नाहीत. दोनांतला कच्चा कुठला ते सांगत मात्र नाहीत. तिला उतारे दोनदा आले होते. पहिल्या वेळचे सोपे गेले. दुसऱ्या वेळी एका उताऱ्यात ती अडकली ती अडकलीच. सहा प्रश्न कोरे राहिले, चार अंदाजानं.

"तोच कच्चा असेल बघ," सासूबाई कांदा चिरता चिरता म्हणाल्या. "देव एवढा वाईट नाही."

"आई, देवाचा काय संबंध," मी म्हणाले. "दोनांतला एक. निम्मी शक्यता."

आता नियम सांगते, कारण सगळं त्यावर आहे. परीक्षेनंतर सहा दिवसांच्या आत, निकाल लागायच्या आधी, तुम्ही पेपर रद्द करू शकता. रद्द केला की तो तपासतच नाहीत. किती पडले असते ते कॉलेजला कळत नाही आणि तुम्हालाही कधी कळत नाही. नाही केला, तर पडतील ते गुण कायम. आणि आमचं कॉलेज, म्हणजे टेकडीवरचं, दोनदा परीक्षा दिली तर दोन्हींची सरासरी धरतं. एकदा कमी पडले की पुढचे कितीही चांगले पडोत, ते ओझं मानेवर राहतं.

मी वही घेऊन बसले. तो भाग मोजला तर साधारण एकशे चौऱ्याहत्तर. नाही मोजला तर एकशे पंच्याऐंशी. चौऱ्याहत्तर राहिले आणि तीन महिन्यांनी पुन्हा परीक्षा देऊन पंच्याऐंशी मिळवले, तरी सरासरी एकशे एकोणऐंशी-साडेएकोणऐंशी. विसात एक. त्यापेक्षा आत्ता रद्द, आणि तीन महिन्यांनी स्वच्छ पाटीवर पंच्याऐंशी. दहात चार. अर्ज भरायच्या आधी एक परीक्षा अजून होती. शेवटची.

गणित बरोबर होतं. आजही मी ते तपासून बघते आणि ते बरोबरच येतं.

रविवार गेला, सोमवार गेला. ती म्हणायची, "थांबू या का, वहिनी? मला आतून वाटतंय तो दुसराच कच्चा होता. त्यातले प्रश्न जरा विचित्र होते."

"अवघड गेलं की विचित्रच वाटतं. तुला हवा तोच भाग कच्चा निघेल हे कशावरून?"

"कशावरूनच नाही," ती म्हणाली. "पुरावा नाही."

नवरा फोनवर म्हणाला, "तुम्हा दोघींना यातलं कळतं, मला नाही. पण तिला ठरवू दे की."

"तीच ठरवतेय," मी म्हणाले.

गुरुवारी दुपारी मुलगी झोपली होती. वकील माझ्या शेजारी बसली, रद्द करण्याचं पान उघडलं, आणि पडद्यावर दोनदा विचारलं गेलं, नक्की का? दुसऱ्यांदा विचारल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं दाबलं. मग ती उठून मुलीच्या अंगावरचं पांघरूण नीट करून आली, जे नीटच होतं.

*

मंगळवारी चष्मेवाली आली. तिच्या क्लासमधली मैत्रीण, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहते. वह्या परत द्यायला आली होती. सहा दिवस उलटून गेलेले, तोंडाला लावलेलं कुलूप निघालेलं. ओट्याला टेकून ती भडाभडा बोलत सुटली.

"तर्क दोनदा आला गं मला, डोकं उठलं. बरं तर बरं, उतारे एकदाच. ते जुन्या नाण्यांचे नि कसले, सोपे होते."

वकील कप विसळत होती. "नाण्यांचे?"

"हो. तुला नव्हते?"

"होते. मला अजून एकदा होते. समुद्रावरच्या वाऱ्यांचे."

"मग ते कच्चे. सगळ्यांना मोजायचे भाग तेच असतात ना. सुटलीस की तू."

पाणी चालू होतं. वकिलीनं कप आतून धुतला, बाहेरून धुतला, परत आतून धुतला. मग नळ बंद करून म्हणाली, "चहा घेणार ना?" आणि पूड काढायला कपाटाचं दार उघडलं. माझा कागद समोर. तिनं पूड काढली, दार लावलं.

चष्मेवाली गेल्यावर मी काहीतरी बोलायला लागले. ती म्हणाली, "वहिनी, तू वाईट वाटून घेऊ नकोस. माझी सही होती, तुझी नव्हती."

ती मला धीर देत होती. पण मला ते तसं ऐकू आलं नाही. सही माझी नव्हती. सहा दिवस गप्प बसायचं बंधन तिच्यावर होतं, माझ्यावर नव्हतं. दोन गल्ल्या ओलांडून मी चष्मेवालीच्या घरी जाऊ शकले असते. मुलीला कडेवर घेऊन दहा मिनिटं. "तुला उतारे किती वेळा आले गं?" एवढंच विचारायचं होतं. मी तीन वर्षं हजारो मुलांच्या बेरजा केल्या, पण बेरीज कशाकशाची असते ते कधी वळून पाहिलं नव्हतं. निम्मी शक्यता म्हणून मी वहीत जे मांडलं, ते दोन गल्ल्यांपलीकडे कुणालातरी पक्कं माहीत होतं.

क्लासच्या सरांनी परीक्षा मंडळाला लिहून पाहिलं. उत्तर आलं: रद्द केलेली उत्तरपत्रिका तपासली जात नाही. तिनं आठवून आठवून मोजलेल्या तीन भागांची उत्तरं कागदावर लिहिली. "साधारण एकशे शहाऐंशी," ती म्हणाली. "पण ऐकीव पुरावा. ग्राह्य नाही." आणि कागदाची घडी घालून बंबाशेजारच्या रद्दीत ठेवली.

तीन महिन्यांनी ती परत बसली. या वेळी मी काही विचारलं नाही. निकाल आला तेव्हा तिनं स्वतःच सांगितलं, भाजी वाढता वाढता. एकशे सत्त्याहत्तर. प्रत्येक भागात तिला वाटत राहिलं म्हणे, हाच कच्चा असेल तर, हाच मोजत असतील तर.

"माझी पट्टी किती होते गं?"

"मी नाही काढत."

"आधी काढलीस ना?"

ती बोटांवर करू लागली. एक्याऐंशी अधिक साडेअठ्ठ्याऐंशी. "एकशे साडेएकोणसत्तर," ती म्हणाली. "अडीच कमी. अडीच म्हणजे किती असतं गं? दिसायला?"

*

अर्जात एक पान असतं. एखादं वर्ष का बिघडलं याचा खुलासा तिथं करायचा. हिरव्या कपाटातल्या फायलीसुद्धा त्या पानावरून कधीतरी वर गेलेल्या मी पाहिल्या होत्या. तीन वर्षांत दोन. पण गेल्या होत्या. मी तिला म्हणाले, सगळं लिही. माझं आजारपण, बाळ, सगळं. डॉक्टरचे कागद मी देते.

"नाही," ती म्हणाली.

"का नाही? खरं आहे ते."

"खरं आहे म्हणून. मोठी होऊन हिनं वाचलं तर?" तिनं मांडीवरच्या माझ्या मुलीच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. "आत्याचं वर्ष माझ्यामुळे बिघडलं, असं? भाचीला मी कारण म्हणून लावणार नाही."

"अगं, कोण दाखवणारे तिला?"

"मला दिसेल ना."

मी भांडले, रडले, सासूबाईंना मध्ये घातलं. सासूबाई म्हणाल्या, "वकील, लिही बाई, तुझी वहिनी सांगतेय तर." ती म्हणाली, "आई, गेल्या वेळीही वहिनीच सांगत होती." हळू म्हणाली, चिडून नाही. त्यानंतर मी त्या पानाबद्दल बोलले नाही. पान कोरं गेलं.

मी मात्र एका सकाळी मुलीला घेऊन ऑफिसात गेले. नानांच्या टेबलावर तीच डिंकाची बाटली, तोच फडका. त्यांनी मुलीला चिकटवायला कोऱ्या पट्ट्या दिल्या. मी सगळं सांगितलं आणि शेवटी जे सांगायला गेले होते तेही सांगितलं. फाइल वरच्या चळतीत ठेवा. नुसती ठेवा. कुणी वाचली तर वाचली.

नानांनी डिंकाच्या बाटलीला टोपण लावलं.

"तुमच्या नणंदेची फाइल मी ओळखली होती," ते म्हणाले. "आडनावावरून. पत्त्यावरून. शेजारच्या टेबलावर सरकवली."

"नाना, अडीच."

"ताई, त्या कपाटात अर्ध्यानं राहिलेलेही आहेत. त्यांच्या वहिन्या आलेल्या नाहीत."

मुलीनं एक पट्टी स्वतःच्या कपाळावर चिकटवली होती आणि आमच्याकडे बघून हसत होती. मी ती ओढून काढली. जरा जोरातच. ती रडायला लागली आणि ते निमित्त करून मी निघाले.

नकार दुपारी आला, दोन ओळींचा. मी मुलीला भरवत होते. वकिलीनं वाचला, फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, "भात उरलाय का? भूक लागलीये." दोन वेळा भात घेतला. मी बघत होते. तिनं एकही घास चावला नसावा.

खालच्या गावातल्या एका लहान कॉलेजानं तिला घेतलं होतं. तेही आम्हाला नंतर कळलं, होकार कळवायची मुदत संपल्यावर. नवरा पहिल्यांदाच ओरडला, "अगं, मग गेली का नाहीस?"

"तिथून कुणाचं काही झालेलं नाही, दादा."

"कोण म्हणालं?"

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, जपून बघितलं नाही. मागच्या वर्षी तक्ते जमवताना, जेवताना, मीच म्हणाले होते. अगदी सहज. त्या कॉलेजाचा तक्ता बाजूला टाकत.

*

आता ती दुसऱ्या गावी आहे. तिथल्या कोर्टासमोर अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून देणाऱ्या दुकानांची रांग आहे, त्यातल्या एका दुकानात. जाताना म्हणाली, "कोर्टाच्या शंभर पावलं जवळ आहे की." सासूबाई हसल्या नाहीत. त्या आता तिला वकील म्हणत नाहीत. खऱ्या नावानं हाक मारायला जातात आणि अडखळतात, पंधरा वर्षांत कधी वापरलेलंच नाही ते. फोनवर नुसतं "अगं" म्हणतात.

रविवारी तिचा निरोप यायचा. "ठीक." कधी "ठीक, चिमणीला पापा." एकदा भाचीसाठी तिनं एक चिठ्ठी पाठवली, भोपळ्यावर हरकत घेतल्यास ती तीन दिवसांत लेखी द्यावी, अशी. मुलीनं ती उशाखाली ठेवलीये. नवरा मध्ये एकदा जाऊन आला. तिनं त्याला खोली दाखवली नाही, स्टँडवरच भेटली. "बरी आहे," तो म्हणाला. मी विचारलं, बरी म्हणजे? "बारीक झालीये. घड्याळ सारखं बघते." मग म्हणाला, "मोठी आहे ती. तिचं तिला करू दे. आधी एकदा करू द्यायला हवं होतं." एवढंच तो बोलला, पुन्हा नाही.

गेल्या सहा रविवारी निरोप नाही. मी पाठवलेलं वाचलेलं दिसतं. सासूबाई म्हणतात, कामात असेल. नवऱ्याला ती एकदाच म्हणाली, "वहिनीला पाठवू नकोस." म्हणून मी जात नाही. कपाटाच्या दारावरचा कागद मी काढला, पण डिंकाचे चार डाग राहिलेत. चहाच्या वेळी ते दिसतात.

भिंतीकडे तोंड करून पडलेलं माणूस कसं असतं ते मला आतून माहीत आहे. त्या वेळी मला उठवणारं कुणीतरी घरात होतं. तिच्या खोलीत कोण आहे ते मला माहीत नाही. मी वही घेऊन बसले तर याचीही शक्यता काढता येईल. मी बसत नाही.

तुमच्या गावात कोर्ट असेल. समोर अशी दुकानांची रांग असेल. कधी कामानं जाणं झालं तर जरा आत डोकावा. डावखुरी मुलगी, उजव्या मनगटावर घड्याळ, तबकडी आतल्या बाजूला. मी सांगितलंय म्हणू नका. एखादा साधा अर्ज टाइप करून घ्या, कसलाही. ती तुमच्याशी वाद घालते का बघा. एखादा शब्द चुकीचा आहे म्हणून हटून बसली तर काळजी नाही. पण तुम्ही सांगाल ते सगळं ती मुकाट्यानं टाइप करत गेली, तर तिथंच थोडा वेळ थांबा. जेवलीस का, विचारा. आणि "हो" म्हणाली तर काय जेवलीस, तेही विचारा.